तिळी भावंडं: किती सारखी, किती वेगळी

श्रोतेहो, नमस्कार.

घरात एकाच वेळी तीन बाळं जन्मली की बघायला येणारा प्रत्येक जण आधी चेहरे ताडून पाहतो. "तिघं अगदी सारखी आहेत हो!" किंवा "हा एक वेगळाच दिसतोय." मोठेपणीही हे थांबत नाही. या दोन वाक्यांमागे जनुकांचं काय चाललेलं असतं, ते आज सांगायचं आहे.

तिळी होण्याचे मार्ग तीन. कधी तीन स्त्रीबीजं तीन वेगवेगळ्या शुक्राणूंनी फळतात. वंध्यत्वावरच्या उपचारांनंतर होणारी तिळी बहुतेक अशी असतात. कधी एकच फलित बीज दुभंगतं आणि त्यातला एक भाग पुन्हा दुभंगतो. ही तिघं एकाच बीजाची. आणि कधी दोन बीजं फळतात, त्यातलं एकच दुभंगतं: दोघं एकबीज, तिसरं स्वतंत्र. या तिसऱ्या प्रकाराकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. पण त्या तिसऱ्या मुलाला "तूच कसा रे वेगळा?" हे जन्मभर ऐकावं लागतं, त्याचं मला फार वाईट वाटतं. जनुकांच्या हिशेबात तो आपल्या दोन्ही भावांचा तेवढाच भाऊ असतो, जेवढी कुठलीही सख्खी भावंडं एकमेकांची असतात.

आता हा हिशेब नीट समजून घेऊ. सख्ख्या भावंडांची जनुकं सरासरी 50 टक्के सारखी, असं आपण ऐकतो. तसं पाहिलं तर जगातल्या कुठल्याही दोन माणसांचा डीएनए साधारण 99.9 टक्के सारखाच असतो. मग हे 50 टक्के कशाचे? आईवडिलांकडून आलेला जो वाटा, त्यातला निम्मा दोघांना एकच मिळालेला असतो. पत्ते पिसून दोनदा वाटावेत तसं हे आहे, दर वेळी हात वेगळा येतो. त्यामुळे 50 ही फक्त सरासरी. जनुकशास्त्रज्ञ पीटर व्हिशर आणि सहकाऱ्यांनी 2006 साली चार हजारांवर भावंडांच्या जोड्या तपासल्या, तेव्हा हा आकडा सुमारे 37 पासून 62 टक्क्यांपर्यंत आढळला. म्हणजे तीन बीजांच्या तिळ्यांमध्येही दोघं एकमेकांना जास्त जवळची आणि तिसरं जरा लांबचं, असं होऊ शकतं.

एकबीज तिळ्यांचं काय? ती तरी शंभर टक्के सारखी? तशीही नाहीत. पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते आणि नकलेत अधूनमधून चूक राहते. आइसलँडमधल्या डीकोड जेनेटिक्स या जनुकसंशोधन कंपनीच्या शास्त्रज्ञांनी 2021 मध्ये दाखवलं, की गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या काळात झालेले असे सरासरी 5.2 बदल एकबीज जुळ्यांना एकमेकांपासून वेगळं करतात. डीएनएच्या अब्जावधी अक्षरांत पाच म्हणजे नगण्यच, पण शून्य नव्हे. बोटांचे ठसे तर एकबीज भावंडांचेही जुळत नाहीत, कारण ते गर्भाशयात घडताना प्रत्येकाची जागा आणि वाढ थोडी निराळी असते.

इथे न्यूयॉर्कच्या तीन एकबीज तिळ्या भावांची आठवण होते. रॉबर्ट शॅफ्रन, एडी गॅलंड, डेव्हिड केलमन. जन्म 12 जुलै 1961. दत्तकसंस्थेने त्यांना तीन घरांत दिलं, एक कष्टकऱ्याचं, एक मध्यमवर्गीय, एक श्रीमंत. दत्तक घेणाऱ्या आईवडिलांना भावंडांबद्दल काहीच सांगितलं नाही. मानसोपचारतज्ज्ञ पीटर न्यूबाउर यांच्या अभ्यासासाठी हे चाललं होतं. 1980 मध्ये रॉबर्ट नव्या कॉलेजात गेला आणि अनोळखी मुलं त्याला एडी समजून भेटू लागली. तिघं एकत्र आले, तेव्हा वर्तमानपत्रांनी फक्त सारखेपणा मोजला: हसू तेच, कुस्तीची आवड तीच, सिगारेटही तीच. वेगळेपण कुणी विचारलंच नाही. एडीने 1995 मध्ये आत्महत्या केली. अशा अभ्यासासाठी लेकरांना एकमेकांपासून तोडणं हा अन्याय होता, असं मी स्पष्ट म्हणेन.

आता तिळ्यांच्या आईवडिलांसाठी. तिघांत मुलगे आणि मुलगी दोन्ही असतील, तर तिघं एकाच बीजाची नाहीत, हे चाचणीशिवायही कळतं. तिघं एकाच लिंगाची असतील, तर "वार वेगवेगळी होती, म्हणजे बीजंही वेगळी" या समजुतीवर विसंबू नका. बीज पहिल्या तीनेक दिवसांतच दुभंगलं, तर एकबीज बाळांनाही स्वतंत्र वार मिळते. गालाच्या आतून कापसाच्या बोळ्याने घेतलेल्या नमुन्याच्या डीएनए चाचणीने खरं काय ते कळतं. ते कळलेलं बरं, कारण एकबीज भावंडांपैकी एकाला पहिल्या प्रकारचा मधुमेह झाला, तर उरलेल्यांना तो होण्याचा धोका बराच वाढतो. होईलच असं नाही, पण डॉक्टरांना ही गोष्ट आधी सांगून ठेवा.

नमस्कार.