हलत्या दगडावरचा बाण

मंडळी, माझी लेक अमेरिकेत विस्कॉन्सिनला असते. मी तिच्याकडे गेलो तो नोव्हेंबर होता. शेजारचे एक आजोबा रोज सकाळी गाडीत काठ्या भरून निघायचे. मला वाटलं, काकडीचा मांडव घालत असतील. चौकशी केली, तर ते स्नोमोबाइलची वाट आखत होते.

स्नोमोबाइल म्हणजे बर्फावरची फटफटी. पुढे दोन घसरपट्ट्या, मागे फिरणारा रबरी पट्टा. १९५९ साली कॅनडातल्या बोंबार्डिए यांच्या कंपनीने तिचं आटोपशीर रूप बाजारात आणलं आणि बर्फातल्या गावांना वेडच लागलं. एकट्या विस्कॉन्सिनात तिच्या वाटा सुमारे ४०,००० किलोमीटर भरतात. बहुतेक वाटा खाजगी शेतांतून जातात, आणि राखतात गावोगावच्या क्लबांची माणसं, बिनपगारी राबून.

आजोबांबरोबर दोन दिवस हिंडलो. जमीन गोठायच्या आत काठ्या ठोकायच्या, कारण नंतर घण घातला तरी काठी आत जात नाही. खूण वळणाच्या आधी हवी, वळणावर आल्यावर सांगून काय उपयोग? बर्फ वितळला की सगळ्या काठ्या उपटून आणायच्या, कारण मालकाला तिथे नांगर घालायचा असतो. एखादी काठी राहिली आणि अवजारात अडकली, तर पुढच्या वर्षी तो शेतातून जाऊ देईल कशाला?

परत कोकणात आलो आणि आपल्या पाखाडीकडे, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेकडे बघितलं. वरच्या वाडीतून देवळाकडे उतरणारी, जांभ्याच्या चिऱ्यांची. डांबरी रस्ता झाल्यापासून सगळे रिक्षाने वळसा घालून जातात. पायऱ्यांवर शेवाळ, दोन्ही बाजूंनी रानमोडी, वर खाजकुयलीच्या शेंगा लोंबतायत. ती साफ करायची ठरवलं. पहिल्या रविवारी आम्ही सहा जण होतो. दुपारी सहाही जण अंगाला शेण चोळत बसलेले. खाजकुयलीवर दुसरा उतारा आमच्याकडे नव्हता.

आपला हंगाम त्यांच्या उलट. त्यांची जमीन थंडीने घट्ट होते, आपली उन्हाने. पाऊस सरल्यावर माती ओली असते तोवर खणून घ्यायचं, जानेवारीनंतर पहार उसळून हातात झिणझिण्या येतात. पण नेमकी तेव्हाच भातकापणी, माणूस मिळत नाही. त्यामुळे कापणी आटोपली की दिवाळीच्या आगेमागे जे चार-पाच रविवार सापडतात, तेच आपले.

एक गोष्ट उशिरा कळली. पाखाडी पायांनी झिजत नाही, पाण्याने खचते. आम्ही वर्षभर निखळलेले चिरे बसवत होतो आणि पावसाळ्यात ते पुन्हा निखळत होते. शेवटी वाडीतल्या एका म्हाताऱ्या गवंड्याने दाखवलं: दर दहा-बारा पायऱ्यांनी एक चिरा तिरका बसवा, म्हणजे पाणी त्याला आपटून बाजूच्या चरीत जाईल. चर मात्र पावसाआधी उकरायची, पालापाचोळा साचला की सगळं पाणी परत पायऱ्यांवर. तेव्हापासून निम्मं काम कमी झालं. हे आधी का नाही सांगितलंत, विचारलं तर म्हणाले, "तुम्ही इचारलात कधी?"

पाखाडी चुकत नाही, तिला खूण लागत नाही. खूण लागते सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाटीवर. सगळा कातळ, झाड नाही. पावसाळ्यात धुकं उतरलं की स्वतःचा हात दिसत नाही, आणि दिवाळीत कमरेएवढं गवत. तिथे मी मोठ्या हौसेने तैलरंगाचे पांढरे बाण काढले. पुढच्या वर्षी बघतो तर एक बाण थेट एका घराच्या न्हाणीकडे! कुणीतरी तो दगड उचलून गडग्यात, म्हणजे कुंपणाच्या दगडी बांधात लावला होता. चूक त्याची नव्हे, मी बाण सुट्या दगडावर काढला होता. बाण नसता तर माणूस थांबून विचार करतो, चुकीचा बाण असला की बिनधास्त चालत जातो.

आता सड्यावर रंग नाहीच. राजापूर-रत्नागिरीच्या सड्यांवर कुठे कातळशिल्प, म्हणजे कातळात कोरलेलं जुनं चित्र असेल सांगता येत नाही. उक्षी, काशेळी, बारसू, देवाचे गोठणे इथली शिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत, पण मातीखाली झाकलेली आणखी किती असतील. म्हणून काठी रोवतो, तीही मातीच्या खळग्यात. एकीपाशी उभं राहिलं की पुढची दिसली पाहिजे, आणि मागे वळलं की मागचीही. परतीचा माणूस आपण हमखास विसरतो.

परवानगीचं म्हणाल तर विस्कॉन्सिनला एक शेत, एक मालक. आपल्याकडे सातबारावर अठरा नावं, त्यातली बारा मुंबईला. एकाने वाटेवर गडगा घातला. १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दाद मागता येते, तसं काहींनी सुचवलंही. आम्ही त्या वाटेला गेलो नाही, चहाला गेलो. गुरं आंब्याच्या कलमांत शिरतात, एवढीच त्याची तक्रार. मग गडग्याला माणूस ओलांडेल आणि गुरं अडतील अशा दोन पायऱ्या काढल्या.

गेल्या शिमग्याला पालखी बऱ्याच वर्षांनी याच पाखाडीने उतरली. ढोलाच्या तालात भोई नाचत येत होते. देवळाच्या वरच्या वळणावर पुढचे दोघे अडखळले, पालखी कलली, सावरली. एक चिरा आम्ही चार बोटं उंच बसवला होता. आम्ही बघून चालतो, आम्हाला ते कधी जाणवलंच नव्हतं. तो चिरा येत्या रविवारी काढायचा आहे. पहार माझ्याकडे एकच आहे, दुसरी कुणाकडे असेल तर आणा.