निनावी मेलचा माग

(पडद्यावर एक मेल. कर्सर ‘मूळ संदेश दाखवा’ या पर्यायावर जातो.)

तीन ओळींचा मेल. खाली सही नाही, पाठवणाऱ्याच्या जागी भलतंच नाव. आता याच मेलची मागची बाजू उघडू. तीन ओळींच्या डोक्यावर हा भलामोठा मजकूर चिकटलेला आहे. हा हेडर. मेल ज्या ज्या सर्व्हरवरून, म्हणजे मेल पुढे धाडणाऱ्या संगणकावरून आला, त्या प्रत्येकाने इथे नोंद केली आहे: कोणाकडून मिळाला, किती वाजता मिळाला. या नोंदी खालून वर वाचायच्या, कारण सगळ्यात खालची नोंद पाठवणाऱ्याच्या सगळ्यात जवळची असते. आणि तारखेशेजारचं ते ‘+०२००’ पाहा. घड्याळात मुद्दाम फेरफार केला नसेल, तर पाठवणारा जागतिक वेळेच्या दोन तास पुढे आहे. एका आकड्यासरशी निम्म्याहून जास्त जग संशयातून बाद.

हे कोणी पाळत ठेवण्यासाठी केलेलं नाही. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली मेलच्या वाहतुकीचे नियम लिहिले, तेव्हापासून वाटेतल्या सर्व्हरने नोंद जोडायची ही रीत आहे. मेल कुठे अडकला ते कळायला नको का? गंमत अशी, की पाठवणारा खरंच तोच आहे का, हे तपासायची सोय त्या नियमांत नव्हती. म्हणजे खोटं नाव लावणं सोपं आणि माग पुसणं अवघड, असा हा उलटा कारभार पहिल्यापासूनचा.

आज काही मोठ्या मेलसेवा पाठवणाऱ्याचा आयपी पत्ता, म्हणजे त्याच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक, हेडरमध्ये दाखवत नाहीत. त्यामुळे मेल मिळणाऱ्याला तो दिसत नाही, इतकंच. सेवा चालवणाऱ्या कंपनीला तो दिसतोच, आणि खातं उघडताना दिलेला फोन नंबरही तिच्याकडेच असतो.

(जुन्या सर्व्हरचं चित्र.)

फिनलंडमध्ये १९९३ साली योहान हेलसिंगियस यांनी यावर एक साधा तोडगा काढला. मेल त्यांच्या सर्व्हरकडे पाठवायचा. सर्व्हर खरा पत्ता काढून टाकणार, त्या जागी एक क्रमांक घालणार आणि मेल पुढे धाडणार. उत्तर आलं की त्याच वाटेने परत. लाखो लोकांनी ही सेवा वापरली. पण उत्तर परत पोचवायचं तर कोणता क्रमांक कोणाचा, याची यादी ठेवणं आलं. १९९५ मध्ये चर्च ऑफ सायंटॉलॉजी या पंथाच्या तक्रारीवरून पोलीस दाराशी आले आणि हेलसिंगियस यांना एका माणसाचा पत्ता द्यावा लागला. पुढच्याच वर्षी त्यांनी सेवा बंद केली. माणूस प्रामाणिक होता, अडचण त्याच्या हातातल्या यादीची होती.

यादीच नको, हा विचार अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड चॉम यांनी १९८१ मध्येच मांडला होता. एकात एक बंद लिफाफे घालावेत, तसा मेल कुलूपबंद करायचा. प्रत्येक सर्व्हर फक्त आपला लिफाफा उघडणार आणि आतला पुढच्याकडे देणार. सुरुवात आणि शेवट दोन्ही ठाऊक आहेत, असा एकही सर्व्हर नाही. शिवाय प्रत्येक ठिकाणी बरेच मेल जमू द्यायचे, त्यांचा क्रम पिसायचा आणि मगच सोडायचे. पिसायला मेलच नसतील, तर मात्र ही सगळी हुशारी वाया. माझ्या मते निनावीपणाचं खरं दुखणं इथे आहे. तो एकट्याने मिळवता येत नाही. आपल्यासारखे दिसणारे आणखी पुष्कळ लोक त्याच वेळी तिथे असावे लागतात.

प्रोटॉन या स्वित्झर्लंडमधल्या मेलसेवा कंपनीचं नाव गुप्ततेसाठी घेतलं जातं. तिथे मजकुराला कुलूप असतं, पण २०२१ मध्ये स्विस अधिकाऱ्यांच्या आदेशावरून कंपनीला फ्रान्समधल्या एका पर्यावरण कार्यकर्त्याचा आयपी पत्ता नोंदवून द्यावा लागला. त्यानंतर कंपनीने आपल्या संकेतस्थळावरची भाषा बदलली, आणि ज्यांना ओळखच लपवायची आहे त्यांनी टॉर वापरावं असं सुचवलं. टॉर म्हणजे आपली वाहतूक अनेक संगणकांमधून फिरवून मूळ पत्ता लपवणारं जाळं.

(विद्यापीठाचं आवार. रिकाम्या केलेल्या इमारती.)

डिसेंबर २०१३, हार्वर्ड विद्यापीठ. परीक्षेच्या सकाळी बॉम्बची धमकी देणारे मेल आले. पाठवणाऱ्याने तात्पुरता पत्ता देणारी सेवा वापरली होती, आणि तीही टॉरमधून. हेडरमधला आयपी पत्ता टॉरच्या जाळ्याचा निघाला. तिथून मागे जायला वाट नव्हती.

तपास करणाऱ्यांनी मग दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. मेल येण्याआधीच्या काही तासांत विद्यापीठाच्याच वाय-फायवरून टॉर कोणी वापरलं होतं? आत काय चाललंय हे टॉर लपवतं, पण टॉर चालू आहे हे सहसा लपत नाही. नोंदींमध्ये एक विद्यार्थी सापडला. त्याने टॉर वापरलं होतं, एवढंच नोंदींवरून कळत होतं, आणि तो काही गुन्हा नव्हे. एफबीआयच्या लोकांनी त्याला गाठून विचारलं. परीक्षा चुकवायची होती, असं त्याने कबूल केलं.

धमकी देणारा पकडला गेला हे उत्तमच झालं. पण वरिष्ठांचा घोटाळा बाहेर काढणारा कर्मचारी कार्यालयाच्या वाय-फायवरून मेल करत असेल, तर त्याच्यापर्यंत पोचायची वाटही हीच.