मोजपट्टी जरा लहान घ्या

श्रोतेहो, नमस्कार. मी गणिताचा मास्तर, पण आज बोलायचं आहे ते पक्षाघातानंतरच्या मनाबद्दल. सुरुवात मात्र समुद्रकिनाऱ्यापासून करतो.

महाराष्ट्राला किती लांबीचा समुद्रकिनारा आहे? शाळेत आपण 720 किलोमीटर पाठ केलं. केंद्र सरकारच्या जुन्या तक्त्यात तो 652 किलोमीटर होता, नव्या तक्त्यात जवळजवळ 878 झाला. साऱ्या देशाचा किनाराही असाच 7,516 वरून 11,098 किलोमीटरवर गेला. भर घालून नवी जमीन केली, असं काही नाही. आधीची मोजणी ढोबळ नकाशावरची होती, नंतरची बारकाव्याच्या नकाशावरची. खाड्यांची जी वळणं आधी सरळ रेषेत गडप होत होती, ती आता हिशेबात आली.

ही गंमत लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज हवामानशास्त्रज्ञाच्या लक्षात आली होती. हा माणूस युद्धांची कारणं शोधत होता. शेजारी देशांच्या सरहद्दीची लांबी आणि युद्धं यांचा काही संबंध लागतो का, हे त्याला बघायचं होतं. आकडे गोळा केले, तर स्पेन म्हणतो पोर्तुगालशी आमची सरहद्द 987 किलोमीटर, आणि पोर्तुगाल म्हणतो 1,214! दोघंही खोटं बोलत नव्हते. मोजायचं पाऊल जितकं लहान, तितकी लांबी जास्त. पुढे 1967 मध्ये गणितज्ञ बेन्वा मांडेलब्रो यांनी हाच धागा पकडून ब्रिटनच्या किनाऱ्यावर लेख लिहिला, आणि 1975 मध्ये अशा आकृत्यांना ‘फ्रॅक्टल’ हे नाव दिलं.

हाताशी कागद असेल तर एक करून बघा. एक रेघ काढा, तिचे तीन समान भाग करा. मधला पुसून तिथे तेवढ्याच लांबीच्या दोन रेघांचं टोक उभं करा. आता चार तुकडे झाले. प्रत्येक तुकड्यावर पुन्हा हेच, मग पुन्हा. दर खेपेला लांबी एकतृतीयांशाने वाढते, तिला अंतच नाही. पण आकृती तुमच्या कागदाबाहेर जात नाही. स्वीडनच्या हेल्गे फॉन कॉख यांनी ही वक्ररेषा 1904 मध्ये मांडली. साधी रेघ तिप्पट मोठी केली तर तिच्यात मूळ रेघेच्या तीन प्रती बसतात, चौरसाची बाजू तिप्पट केली तर नऊ, म्हणजे तीनचा वर्ग. रेघेची मिती एक, चौरसाची दोन, ती अशी. कॉखच्या रेषेत बसतात चार. म्हणून तिची मिती एकही नाही आणि दोनही नाही, साधारण 1.26 आहे. वर्गात हे सांगितलं की मुलं हमखास विचारतात, ‘सर, अपूर्णांकात मिती?’ हो, अपूर्णांकात.

आता तुम्ही म्हणाल, गणिताच्या मास्तराने पक्षाघाताच्या गोष्टी कशाला कराव्यात? घरात झाला म्हणून. माझ्या थोरल्या भावाला लकवा आला. उपचार वेळेत मिळाले, दादा सुधारला. रुग्णालयातून घरी येताना कागदावर रँकिन श्रेणी दोन लिहिलेली होती. पक्षाघातानंतर माणूस कितपत सावरला, ते सांगणाऱ्या या मोजपट्टीवर शून्य म्हणजे काहीही त्रास नाही, पाच म्हणजे अंथरुणाला खिळलेला आणि सहा म्हणजे मृत्यू. दोन म्हणजे आधीचं सगळं जमत नसलं तरी आपलं आपण करू शकणारा. चांगलाच निकाल. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारी, ‘चालायला लागला ना?’ लागला होता. जेवण, अंघोळ, जिना, सगळं होत होतं. पण पेपरची घडी तशीच पडून राही. नातू आला की दादा आतल्या खोलीत जाऊन पडे. आणि टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली तरी हुंदके देऊन रडे. रडं ओसरलं की ओशाळून म्हणे, ‘अरे, मला वाईट वाटलंच नव्हतं.’

ही दोन निरनिराळी दुखणी आहेत, आणि घरचे त्यांची गल्लत करतात. उगाच येणारं, आवरता न येणारं रडू किंवा हसू हे मेंदूतल्या इजेचं लक्षण असतं. मन दुःखी असेलच असं नाही. अशा वेळी ‘काय बायकांसारखा रडतोस’ म्हणणं निव्वळ क्रूरपणा आहे. (बायकांवरही अन्यायच.) पेपर न उघडणं, माणसांत न येणं ही मात्र नैराश्याची खूण असू शकते. पक्षाघातानंतरच्या पाच वर्षांत साधारण तिघांतल्या एकाला कधी ना कधी नैराश्य येतं. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली तर ते जास्त येतं, असा एक समज बराच काळ होता. 2000 मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले तेव्हा त्याला आधार मिळाला नाही. म्हणजे ‘आमच्यांच्या मेंदूची उजवी बाजू गेली, मनाचं काही नाही’ असल्या हिशेबात पडू नका.

रँकिन श्रेणी चुकीची नाही. पण ती ढोबळ नकाशासारखी आहे, मनाची वळणं तिच्यात दिसत नाहीत. त्यासाठी फार बारीक यंत्रही लागत नाही. दोन प्रश्न पुरे: गेल्या दोन आठवड्यांत मन उदास, हताश वाटत होतं का? आणि पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतला रस गेला का? उत्तर ‘हो’ आलं तर डॉक्टरांना सांगा. ज्यांची वाचाच गेली आहे, त्यांना विचारून भागत नाही. तिथे झोप, जेवण, डोळे चुकवणं यांवर घरच्यांनीच लक्ष ठेवायचं. कॉखची रेषा कितीही बारीक मोजत बसता येते, माणसाचं तसं नाही. दर तासाला ‘आता कसं वाटतंय?’ विचारलं तर धडधाकट माणूसही वैतागेल.

गोळ्यांबद्दल एकच सांगतो. ब्रिटनमध्ये पक्षाघाताच्या तीन हजारांवर रुग्णांना सहा महिने फ्लुओक्सेटीन हे नैराश्यावरचं औषध किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देऊन पाहिली. निष्कर्ष 2018 मध्ये आले. सरसकट सगळ्यांना ते औषध दिल्याने हातपाय लवकर सुधारले नाहीत. नैराश्य कमी जणांना आलं, पण हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलं. तेव्हा शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून दुकानातून गोळी आणू नका. पण डॉक्टरांनी तपासून दिली असेल, तर मनानेच बंदही करू नका.

आणि टेलीमानस ही मानसिक आरोग्यासाठी फोनवरची सरकारी सेवा आहे, नंबर 14416, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. रुग्णानेच फोन करायला हवा असं नाही. रात्री दोनदा उठून त्यांना कूस बदलून देणारी वहिनी असेल, तिनेही करावा.

नमस्कार.