ज्याची झोप त्यालाच दिसत नाही

नमस्कार, श्रोतेहो.

दीड-दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दवाखान्यात एक गृहस्थ आले. वय 46, बाजार समितीत हिशेबाचं काम. तक्रार विसरण्याची. स्कूटर बाजारात लावली आणि चालत घरी आले, मग स्कूटर चोरीला गेली म्हणून अर्धा तास आरडाओरडा. त्यांच्या आईला शेवटची काही वर्षं स्मृतिभ्रंश होता, त्यामुळे मनात धसका बसलेला. मी नेहमीचे प्रश्न विचारले. साखर, रक्तदाब, थायरॉइड. मग विचारलं, झोप कशी आहे? "झोप एक नंबर, डॉक्टर. उशीला डोकं टेकलं की गार."

सोबत आलेल्या वहिनी हसल्या. ते हसणं काही सुखाचं नव्हतं. पर्समधून मोबाइल काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला आणि एक रेकॉर्डिंग लावलं. घोरण्याचा आवाज, चढत चढत गेलेला, शेतातला जुना डिझेल पंप चालू व्हावा तसा. मग एकदम शांतता. "हं, आता बघा," असं म्हणून वहिनी बोटांवर मोजायला लागल्या. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. 22 सेकंद. मग विहिरीत बुडी मारलेला माणूस वर येऊन हवा गिळतो तसा एक मोठा आवाज, कूस बदलल्याची सळसळ, आणि पुन्हा पंप सुरू. गृहस्थ मान पुढे काढून ऐकत होते. म्हणाले, "हा मी आहे?"

झोपेचं हे असं आहे. ज्याची झोप त्यालाच ती दिसत नाही. किती वाजता पडलो, किती वाजता उठलो, एवढं आपण सांगू शकतो. मधल्या सहा-सात तासांत काय झालं ते शेजारी झोपणाऱ्याला विचारावं लागतं. त्यात आपल्याकडे एक पक्का गैरसमज: घोरतोय ना, म्हणजे गाढ झोपलाय, झोपू दे बिचाऱ्याला. एसटीत, लग्नाच्या हॉलवर, पाहुण्यांच्या घरी घोरणारा माणूस हा चेष्टेचा विषय. आम्ही डॉक्टर मंडळीही, त्यात मीही आलो, वर्षानुवर्षं ते हसण्यावारीच नेत आलो.

गाढ झोप म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. झोपेचं एक आवर्तन साधारण 90 मिनिटांचं, रात्रीत अशी चार-पाच होतात. आधी हलकी झोप, मग गाढ, मग स्वप्नांची. गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पहिल्या भागात उरकतो, पहाटेच्या साखरझोपेत स्वप्नं जास्त. वय वाढतं तशी ही गाढ झोप कमी होत जाते, ती सगळ्यांचीच. पण सगळ्यांची सारख्या वेगाने नाही. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम नावाच्या गावी गेली कित्येक दशकं लोकांच्या आरोग्याच्या नोंदी ठेवल्या जातात. तिथल्या साठी ओलांडलेल्या 346 जणांची झोप काही वर्षांच्या अंतराने दोनदा यंत्रावर मोजली. 2023 मध्ये त्याचा निष्कर्ष आला: गाढ झोप दरवर्षी एक टक्क्याने घटली, तर पुढे स्मृतिभ्रंश होण्याचा धोका 27 टक्क्यांनी जास्त दिसला.

हे झालं साठीनंतरचं. मला आज बोलायचंय ते चाळिशीतल्या माणसांशी. कर्जाचे हप्ते, मुलांची दहावी, आईवडिलांची दुखणी, आणि रात्री अकरानंतर हातात मोबाइल. झोप ही त्यांच्या लेखी उरलेल्या वेळात करायची गोष्ट.

अमेरिकेतल्या चार शहरांत, बर्मिंगहॅम, शिकागो, मिनियापोलिस आणि ओकलंड इथे, 1985-86 मध्ये विशीतल्या तरुणतरुणींची एक पाहणी सुरू झाली. मूळ हेतू हृदयविकाराचा अभ्यास. पुढे त्यातल्या 589 जणांना, सरासरी वय 40 असताना, झोपेबद्दल प्रश्न विचारले: झोप लागायला त्रास होतो का, मध्येच जाग येते का, पहाटे फार लवकर जाग येते का, दिवसा पेंग येते का, असे. पाच वर्षांनी तेच प्रश्न पुन्हा. आणि पहिल्या प्रश्नावलीनंतर 15 वर्षांनी मेंदूचं एमआरआय. चित्र बघून मेंदूचं वय किती वाटतं, हे संगणकाने काढलं. ज्यांच्या झोपेच्या दोन-तीन तक्रारी होत्या, त्यांचा मेंदू एकही तक्रार नसलेल्या किंवा जेमतेम एकच असलेल्यांपेक्षा सरासरी 1.6 वर्षांनी म्हातारा दिसला. तीनपेक्षा जास्त तक्रारी असलेल्यांचा 2.6 वर्षांनी. तक्रार पाच वर्षं टिकून राहिलेली असली तर संबंध अधिक ठळक. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये हे प्रसिद्ध झालं.

आता हे ऐकून कोणी घाबरून उठून बसू नका. चित्रात मेंदू अडीच वर्षांनी थोराड दिसणं म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे. वाईट झोपेमुळेच मेंदू थकला, की मेंदूतच आधी काही बिघडत होतं म्हणून झोप गेली, हे अशा पाहणीतून ठरत नाही. आणि मला खटकलेली गोष्ट आधीच सांगितली आहे: तिथेही प्रश्न झोपणाऱ्यालाच विचारले होते. आमचे हिशेबनीस त्या पाहणीत असते, तर "झोप एक नंबर" असं लिहून मोकळे झाले असते.

झोपेत मेंदूची धुलाई होते, हे तुम्ही कुठेतरी ऐकलं असेल. ते आलंय अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठातल्या मायकेन नेडरगार्ड यांच्या प्रयोगशाळेतून. दिवसभराच्या कामात मेंदूच्या पेशींभोवती अमायलॉइडसारखा कचरा साठतो, अल्झायमरमध्ये ज्याचे थर सापडतात तोच. उंदरांवरच्या त्यांच्या 2013 च्या प्रयोगात दिसलं, की झोपेत पेशींमधली मोकळी जागा सुमारे 60 टक्क्यांनी वाढते आणि कचरा जास्त वेगाने वाहून जातो. कल्पना सुंदर. सडा-सारवण करायला अंगण मोकळं हवं, तसं. पण 2024 मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या शास्त्रज्ञांनी उंदरांवरच प्रयोग करून उलट निष्कर्ष काढला, की झोपेत ही सफाई मंदावते. वाद चालू आहे. तेव्हा 'मेंदू धुऊन काढा' असं सांगून कोणी चूर्ण विकायला आलं, तर पाकीट खिशातच राहू द्या.

आणखी एक गोष्ट, प्रामाणिकपणे. स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी कारणं लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 मध्ये 14 मोजली. कमी शिक्षण, बहिरेपणा, मधुमेह, धूम्रपान, एकाकीपण वगैरे. त्या यादीत झोप नाही. पण उच्च रक्तदाब आहे, लठ्ठपणा आहे, नैराश्य आहे. बिघडलेल्या झोपेची ऊठबस नेमकी याच मंडळींत असते.

पुन्हा त्या 22 सेकंदांकडे येऊ. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींचा घसा इतका मिटतो, की छाती हलत असते, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू धोक्याची घंटा वाजवतो, माणूस क्षणभर जागा होतो, श्वास घेतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातलं काहीही आठवत नाही. आठवतो तो फक्त कोरडा घसा, जड डोकं आणि दुपारी खुर्चीत येणारी डुलकी. याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. श्वास किमान दहा सेकंद अडला तर एक धरायचा. तासाला पाचपर्यंत ठीक, तिसाच्या वर गेलं तर आजार तीव्र. आमच्या गृहस्थांची रात्रभर तपासणी केली, डोक्याला तारा, छातीला पट्टे, बोटाला चिमटा लावून. आकडा आला 38. सात तासांच्या झोपेत अडीचशेवर वेळा! ज्याला रात्रीत अडीचशे वेळा कोणी हलवून उठवतंय, तो माणूस स्कूटर विसरणार नाही तर काय?

क्रिस्टिन याफी या संशोधिका वर सांगितलेल्या 2024 च्या पाहणीतही होत्या. त्यांनी 2011 मध्ये सरासरी 82 वर्षांच्या 298 स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. झोपेत श्वास अडणाऱ्या स्त्रियांपैकी जवळजवळ 45 टक्के जणींना पुढे स्मरणाचा काही ना काही त्रास किंवा स्मृतिभ्रंश झाला, बाकीच्यांत 31 टक्के. सगळ्या बायका, हे लक्षात घ्या. घोरणं हे फक्त पुरुषांचं दुखणं, हाही गैरसमजच.

यावर उपाय आहेत. वजन उतरवणं, रात्रीची दारू बंद करणं. दोन पेग घेतले की मस्त झोप लागते म्हणतात. लागते, पण उत्तररात्री तुकडे पडतात आणि घसा आणखी ढिला होतो. उताणं झोपल्यावरच त्रास होत असेल तर बनियनच्या पाठीला खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू ठेवायचा. हसू नका, काहींना याने खरंच फरक पडतो. आणि आजार जास्त असेल तर सीपॅप, नाकावाटे दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी ते 1981 मध्ये जगापुढे आणलं, पहिलं बनवताना व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी वापरून. मशीन लावलं की स्मृतिभ्रंश टळतो, असं मात्र मी म्हणणार नाही, तसं सिद्ध झालेलं नाही. पेंग जाते, माणूस ताळ्यावर येतो, हे रोज बघतो.

ज्यांचं दुखणं याच्या उलट, म्हणजे रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द. शेजाऱ्याची झोपेची गोळी मागून घेऊ नका, उतारवयात त्या गोळ्यांनी रात्री तोल जाऊन खुब्याचं हाड मोडलेलं मी पाहिलंय. संध्याकाळी सहाचा चहा अकरालाही निम्मा रक्तात असू शकतो. उठायची वेळ एकच ठेवा, रात्र कशीही गेली तरी. वीस मिनिटांत झोप आली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसा, अंथरुणात पडून घड्याळ बघू नका. याच गोष्टी शिस्तीने शिकवणारी वर्तणूक उपचारपद्धती आहे आणि जुन्या निद्रानाशावर जगभर आधी तीच सुचवतात, गोळी नंतर.

आमच्या गृहस्थांनी मशीन घेतलं. पहिला आठवडा कुरकुर, मुखवटा टोचतो, घरात हत्ती बांधल्यासारखं वाटतं. तीन महिन्यांनी दोघं परत आली. चेहऱ्यावर तजेला, रक्तदाब उतरलेला. स्कूटर? "एकदाच विसरलो. तेव्हा फोनवर बोलत होतो." वहिनींनी सांगितलं, सुरुवातीला रात्री दोनला आपणहून जाग यायची, आवाज का नाही म्हणून. मग अंधारात यांच्या छातीवर हात ठेवून बघायच्या.

त्या उठून निघाल्या तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पंधरा वर्षं ही बाई रात्री जागी राहून सेकंद मोजत होती, सकाळी साडेपाचला डबे करत होती. वय 43. पाहणीतल्या त्या लोकांचं होतं, जवळपास तेवढंच. आणि मी सगळे प्रश्न विचारले ते शेजारच्या खुर्चीला.

म्हटलं, "वहिनी, थांबा जरा. तुमची झोप कशी आहे?"

"माझी?" त्या दारातच थांबल्या. "मला कुठे काय झालंय?"