शब्द ऐकू येतात की नुसता धप्प?

श्रोतेहो, नमस्कार.

खान्देशात शेजारी ऐकू यायला लागतो तो थंडीत. उन्हाळ्यात पारा 44च्या पुढं गेला की जळगाव काय, भुसावळ काय, घरोघरी खिडकीतला कूलर घरघरत असतो. त्या घरघरीत पलीकडचा टीव्ही सोडाच, उशाशी वाजणारा फोनही ऐकू येत नाही. पावसाळ्यात पंखा असतो. डिसेंबरात पंखाही बंद होतो, गोधडी डोक्यावरून घेतली जाते, आणि रात्री साडेअकराला भिंतीपलीकडच्या मालिकेतली सून रडताना स्वच्छ ऐकू येते. शेजाऱ्यानं आवाज वाढवलेला नसतो, आपल्याच खोलीतला कमी झालेला असतो. दरवर्षी याच दिवसांत मला फोन येतात, "भाऊ, बेडरूमची भिंत साउंडप्रूफ करून द्या."

मी घरं बांधतो. राहतोही तशाच जोडघरात, जिथं दोन घरांमध्ये मिळून चार इंची विटेची एकच भिंत आहे. त्यामुळे या विषयात थोडं धंद्यातून शिकलो आणि बरंचसं झोपमोडीतून.

पहिला खर्च मी फुकट घालवला. दुकानदारानं अंड्यांच्या ट्रेसारखा दिसणारा काळा फोम दिला, तो मी अख्ख्या भिंतीला चिकटवला. झालं काय, तर माझ्या खोलीतला घुमारा गेला आणि शेजारचा आवाज आधीपेक्षा स्पष्ट ऐकू यायला लागला! फोम, जाड पडदे, भिंतीवर टांगलेली गोधडी, या गोष्टी खोलीतल्या खोलीत घुमणारा आवाज पितात. पलीकडून येणारा अडवायला वजन लागतं, आणि फोमला वजन कुठून असणार? रेकॉर्डिंगच्या खोल्यांतून फोम दिसतो तो आतल्या घुमाऱ्यासाठी.

वजन भिंतीत मुळात आहे. दोन्ही बाजूंनी नीट प्लास्टर केलेली चार इंची विटेची भिंत साधारण 40 ते 45 डेसिबल (डेसिबल म्हणजे आवाज मोजायचं माप) आवाज खाते. आपलं रोजचं बोलणं 60च्या आसपास असतं. म्हणजे पलीकडे दोघं बोलत असतील तर आपल्यापर्यंत पुटपुटण्याएवढंही पोचायला नको. (हलक्या पांढऱ्या ब्लॉकची भिंत त्याच जाडीत कमी अडवते, कारण ती विटेच्या निम्म्याहूनही हलकी.) मग शब्दन् शब्द का ऐकू येतो? म्हणून मी फोनवर पहिला प्रश्न हाच विचारतो: शब्द कळतात, की नुसता धप्प-धप्प आवाज येतो? शब्द कळत असतील तर भोक शोधा. नुसता धप्प असेल तर काय कशाला टेकलंय ते शोधा.

भोक म्हटलं की लोक म्हणतात, आमच्या भिंतीला कसलं भोक? माझ्याच घरची गोष्ट सांगतो. एके रात्री मेन स्विच बंद करून मी उशाजवळच्या स्विचबोर्डाची पट्टी उघडली. डब्याच्या मागच्या कोपऱ्यातून पिवळा उजेड दिसला आणि मागोमाग लसणाच्या फोडणीचा वास आला. आमचा बोर्ड आणि त्यांचा बोर्ड पाठीला पाठ लावून बसवलेले होते. डबा दोन इंच खोल. वीट आणि दोन्हीकडचं प्लास्टर धरून भिंत पाचेक इंचांची. दोन्हीकडून दोन-दोन इंच गेले की मध्ये जेमतेम इंचभर वीट उरते, आणि वायरमन टाकी मारतो तेव्हा तीही फुटून खाली पडते. तो डबा बसवतो, कडेनं सिमेंट फासतो, पाठ तशीच उघडी ठेवतो.

एवढ्याशा भोकानं काय होतं? दहा बाय दहा फुटांची भिंत घ्या. तिच्यात तळहाताएवढं आरपार भोक राहिलं तर 45 डेसिबल अडवणारी ती भिंत 30वर येते. बाकीची जवळपास 100 चौरस फूट वीट नुसती उभी!

यावर उपाय असा. वायरमनला बोलवा, लाइन बंद करा, डबा बाहेर काढा, मागची पोकळी सिमेंटच्या मसाल्यानं ठासून भरा, डबा परत बसवा आणि वायरच्या पाइपाचं तोंड पुट्टीनं बंद करा. स्वतः करायला जाऊ नका, पलीकडची लाइन चालू असते. त्याहून बरं म्हणजे आपला बोर्ड हातभर बाजूला सरकवणं.

वरती पत्रे असतील तर भोक वर बघा. भिंत पत्र्यापर्यंत जाते, पण पत्र्याच्या लाटेखाली जागा राहतेच, अन् आवाज भिंत ओलांडून येतो. तिथं सिमेंट भरलं तर मे महिन्यात पत्रा तापतो, ताणतो आणि मसाला सुटून पडतो. तिथं सीलंट, म्हणजे वाळल्यावरही रबरासारखं लवचिक राहणारं भरण, लागतं. आपल्या जुन्या धाब्याच्या घरांत मातीच्या भिंती दोन-दोन हात जाड असायच्या, त्यांतून काही ऐकू येत नसे. भांडण कळायचं ते छपरातल्या झरोक्यातून.

आता धप्प. पहाटे पाचला माझ्या उशाशी कुदळ मारल्यासारखा आवाज यायचा. शेजारच्या मावशी ओट्यावर खलबत्त्यात शेंगदाणे-मिरची कुटायच्या. त्यांच्या ओट्याचा कडप्पा आमच्या मधल्या भिंतीत खोचलेला, आणि भिंतीच्या अलीकडे माझा पलंग, उशाकडची फळी भिंतीला टेकलेली. म्हणजे खलबत्ता, कडप्पा, वीट, पलंग आणि माझं डोकं अशी थेट साखळीच झाली. असा आवाज हवेतून येत नाही, घन वस्तूंतून चालत येतो. तिथं भिंत जाड करून उपयोग नाही, साखळी तोडावी लागते. मी पलंग चार बोटं पुढं ओढला, फुकटात अर्धं काम झालं. उरलेल्यासाठी शेजारी गेलो. बोलायचं कसं याची मनात जुळवाजुळव केली होती, पण मावशींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमनं घोरनं बी आमले ऐकू येस." काय बोलणार! तेव्हापासून खलबत्ता खाली जमिनीवर, भिंतीपासून लांब, चौपदरी बारदानावर बसतो. मिक्सरखाली मी जुन्या ट्यूबचे दोन तुकडे कापून दिले. घोरण्यावर मला अजून उपाय सापडलेला नाही.

भिंतीवर टांगलेला टीव्ही आणि भिंतीच्या फळीवर ठेवलेला स्पीकर हीसुद्धा हीच जात. टेबलावर आणून ठेवले, खाली रबर घातलं की बराच फरक पडतो.

एवढं करूनही झोप लागत नसेल, तरच भिंतीला हात घाला. आणखी एक प्लास्टरचा थर द्यायचा सल्ला गवंडी देतो. तो ऐकू नका. वजन दुप्पट केलं तर भिंत 5-6 डेसिबलच जास्त अडवते, आणि कानाला आवाज निम्मा वाटायला 10 कमी व्हावे लागतात. अर्ध्या इंचाच्या थरानं भागत नाही. त्यापेक्षा भिंतीपासून इंचभर सोडून स्वतंत्र सांगाडा उभा करा, तो फक्त जमिनीला आणि छताला बांधा, मधल्या पोकळीत ग्लासवूल किंवा रॉकवूल (काचेच्या किंवा दगडाच्या तंतूंची लोकर) भरा, त्यावर जिप्सम बोर्डाचे दोन थर, एकाचा सांधा दुसऱ्यावर येणार नाही असे, आणि चारी कडा सीलंटनं बंद. खोली चार-पाच इंचांनी लहान होते. सांगाडा मूळ भिंतीला कुठंही टेकता कामा नये, सगळी मेख तिथंच आहे. एका कामावर मी दुपारी जेवायला गेलो आणि सुतारानं "हलू नये म्हणून" मधोमध चार स्क्रू भिंतीत पिळले. सांगाडा हलायचा थांबला, आवाज मात्र त्या चार स्क्रूंवरून चालत आला. जिप्सम बोर्ड उघडून ते काढावे लागले, तेही माझ्या खर्चानं. आणि छताचा स्लॅब दोन्ही घरांचा सलग असेल तर त्यातूनही थोडा आवाज येणारच, हे मी गिऱ्हाइकाला आधीच सांगून टाकतो.

कायद्याचं विचारतात म्हणून. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे आहेत. राहत्या वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा, रात्र म्हणजे 10 ते 6. गल्लीतल्या डीजेसाठी ते कामाचे. खलबत्त्यासाठी ते घेऊन शेजारी जाऊ नका. श्रावणात आपल्या खान्देशातली कानबाई देवी बसते त्या रात्री तर आपणच पलीकडे गाणी म्हणायला गेलेलो असतो.

काम करायचं तर थंडीच्याच दिवसांत करा. बोर्डामागचा मसाला आठ दिवस वाळू द्या, मग रात्री पंखा बंद करून दिवा मालवा आणि भिंतीवर हात फिरवत कान लावून बघा, बोर्डापाशी, कोपऱ्यात, वरच्या सांध्याशी. जिथं अजून शब्द कळेल तिथं खडूनं खूण करा.

नमस्कार.