देवळालीचे कापरेकर मास्तर

नमस्कार मंडळी.

गणिताचा विषय निघाला की रामानुजनांचं नाव आपल्या ओठांवर येतं, आणि ते यायलाच हवं. पण आपल्या डहाणूत १९०५ साली जन्मलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर जगभरच्या संख्याप्रेमींना ठाऊक आहेत आणि आपल्याच घरांत त्यांचं नाव निघत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद. आई लहानपणीच गेली. ठाण्याला शाळा, मग पुण्याचं फर्ग्युसन. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. बी.एस्सी. झाले आणि १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत मास्तरकी केली. पदव्युत्तर शिक्षण नाही की विद्यापीठातली खुर्ची नाही. आकडेमोड मात्र अखंड चालू!

त्यांचा १९४६ सालचा शोध इथेच करून बघू. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. मी मास्तरांचं जन्मसाल घेतो, १९०५. ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या वजाबाकीला ६१७४. आता ७६४१ मधून १४६७ वजा करा, परत ६१७४! कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच पोचता. हाच कापरेकर स्थिरांक.

काही जाणकारांनी या कामाला करमणूक म्हणून बाजूला सारलं. हे सगळं दशमान पद्धतीपुरतं आहे, असा त्यांचा आक्षेप. आक्षेप अगदीच खोटा नाही, पण म्हणून विषय पोरकट ठरत नाही. सगळ्या संख्या एकाच जागी का जमाव्यात? पहिल्या वजाबाकीचं उत्तर फक्त दोन फरकांवर ठरतं: सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान अंक यांतला, आणि मधल्या दोन अंकांतला. त्यामुळे जवळजवळ नऊ हजार संख्या पहिल्याच पायरीला अवघ्या ५४ उत्तरांत गोळा होतात. मुलांना हे समजावून सांगा. सूत्र पाठ करण्यापेक्षा यात जास्त गणित आहे.

हर्षद संख्या त्यांच्याच. अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो ती हर्षद. रामानुजनांच्या टॅक्सीच्या प्रसिद्ध गोष्टीतली १७२९ सुद्धा हर्षद आहे: अंकांची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९. आणखी एका प्रकारच्या संख्यांना त्यांनी आपल्या गावाचं नाव दिलं, देवळाली संख्या. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी कधीच तयार होत नाही, ती देवळाली संख्या. २१ ही १५ पासून होते, कारण १५ अधिक १ अधिक ५. पण २० कशापासूनच होत नाही. पुढची ३१.

निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना, म्हणून मास्तर शिकवण्या करत होते. १९७५ साली गणितातल्या गमतींवर लिहिणारे अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं आणि नाव जगभर झालं. तेव्हा मास्तर सत्तरीचे होते. १९८६ साली ते गेले.

चहाच्या टेबलावर कागद-पेन्सिली ठेवल्या आहेत. मुलांनी आपापलं जन्मसाल घेऊन ६१७४ गाठावं. मोठ्यांनी पाच अंकी संख्या घ्यावी. तिथे असा एकच मुक्काम नाही, तीन वेगवेगळी चक्रं आहेत, आणि त्यांतलं एक ५३९५५ आणि ५९९९४ यांच्यात फिरत राहतं. उरलेली दोन तुम्ही शोधा.