शिवाराखालचं पाणी

नमस्कार श्रोतेहो.

उन्हाळा तोंडावर आला की आपल्या गावांतून बोअरच्या गाड्या फिरायला लागतात. आधी पाणाड्या येतो. तळहातावरचा नारळ उभा राहिला की जागा ठरते, खुणेचा दगड मांडला जातो आणि रात्रभर कॉम्प्रेसरची धडधड चालू राहते. मुरूम संपेपर्यंत केसिंगचा पाइप, मग काळ्या दगडाचा फुफाटा. तीनशे फूट झाले, पाचशे झाले, फुफाटा काही ओला होत नाही. मालक म्हणतो, "आणखी दोन रॉड टाका." जितकं खोल जावं तितका फुटाचा भावही चढतो. सकाळी गाडी शेजारच्या शिवारात उभी असते.

पर्यावरण म्हटलं की आपल्याला झाडं आठवतात आणि पाच जूनचे फोटो. झाडं लावावीतच. पण मराठवाड्यात माणसाचा निसर्गाशी रोजचा व्यवहार होतो तो मोटरच्या बटणापाशी, म्हणून आज त्याबद्दलच बोलतो.

आपल्या पायाखाली बेसाल्टचे, म्हणजे याच काळ्या दगडाचे, थरावर थर आहेत. वरचा मुरूम आणि झिजलेला, भेगाळलेला खडक पाणी धरतो. खालच्या अखंड पाषाणात मुरायला जागाच कमी. खोलवर एखादी भेग लागते, तिच्यात पाणी सापडतं, पण ते वर्षानुवर्षं झिरपून साठलेलं असतं. एका पावसाळ्यात ते भरून येत नाही. राज्याचा २००९ चा भूजल कायदा शेतीसाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल बोअर घ्यायला मनाई करतो. दोनशे फुटांवर थांबलेला बोअर आपल्या गावात कुठं आहे, तेवढं आठवून पाहा.

विहिरीचं एक बरं होतं. काठावरून डोकावलं की पाणी किती उरलंय ते दिसायचं. सेलू तालुक्यात वालूरला चक्राकार पायऱ्यांची जुनी बारव आहे. अशा बारवेत पाणी जसं उतरेल तशी आणखी एक पायरी उघडी पडते, आणि पाण्याला येणाऱ्या प्रत्येकाला ते दिसतं. साऱ्या गावाला हिशेब उघडा! बोअरच्या सहा इंची भोकात कुणाला काय दिसणार? माझा बोअर आटला की मी शेजाऱ्यापेक्षा शंभर फूट खोल जातो, पुढच्या वर्षी तो माझ्यापेक्षा खोल जातो. पाणी मात्र दोघांचं एकच असतं. सातबारा बांधापर्यंत चालतो, खालच्या पाण्याला बांध ठाऊक नाही.

जुनी माणसं सांगतात, बहात्तरच्या दुष्काळात खायला नव्हतं, पण विहिरींना प्यायला पाणी होतं. २०१६ ला दुकानात धान्य होतं आणि लातूरला पाणी आगगाडीनं आलं. १२ एप्रिलला मिरजेहून आलेल्या पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाणी सुमारे ५ लाख लिटर. आता एक हिशेब करू. हजार चौरस फुटांचं छत आणि आपला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस धरला, थोडी गळती सोडली, तरी एका छपरावरून वर्षाला ५० हजार लिटर पाणी वाहून जातं. दहा घरांची छपरं म्हणजे ती एक गाडी. उलट बाजूही ऐका. उसाला वर्षभरात २,००० मिलिमीटरच्या वर पाणी लागतं. पाटानं दिलं तर एकरी ८० लाख लिटर, म्हणजे तशा सोळा गाड्या.

म्हणून ऊस लावणाऱ्याला शिव्या घालायच्या का? मला ते पटत नाही. सोयाबीनचा भाव पडतो तेव्हा उसाचं गिऱ्हाईक तरी ठरलेलं असतं. पण बोअरवर पाटानं ऊस, याला माझ्याकडं उत्तर नाही. ठिबक तरी हवंच.

आणि पाणी पडतच नाही असंही म्हणायची सोय राहिली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव, बीड, लातूरला एवढा पाऊस झाला की नदीकाठची माती खरडून गेली, खाली नुसता दगड राहिला. ओढे बुजवून आपण त्यात पिकं घेतली होती, काही ठिकाणी घरंही. पाण्यानं आपली जुनी वाट काढली.

बरं काम झालेली गावंही इथंच आहेत. हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीनं घरोघरी शोषखड्डे घेतले, सांडपाणी जमिनीत मुरवलं, गटारं गेली आणि डासही हटले. जालना जिल्ह्यातल्या कडवंचीनं माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोटाची कामं केली, मग द्राक्षं लावली. शेततळ्यांचं कौतुक मात्र जरा जपून करावं. पावसाचं पाणी साठवलं तर ते शेततळं. बोअर उपसून प्लास्टिकच्या कागदावर भरलं, तर सगळ्यांचं पाणी एकानं उचलून उन्हात वाळत घातलं, एवढंच झालं.

यंदा नव्या बोअरचा विचार असेल, तर आधी जुन्याला पाणी पाजून बघा. केसिंगभोवती पुरुषभर खोल खड्डा घ्या. केसिंगला बारीक भोकं पाडून काथ्या किंवा नायलॉनची जाळी घट्ट गुंडाळा. खाली मोठे दगड, त्यावर खडी, वर वाळू. छताचं पाणी पाइपानं तिथं आणा, पहिल्या पावसाचं मात्र बाहेर सोडा. फवारणी झालेल्या रानातलं पाणी चुकूनही आत घेऊ नका, तेच पाणी पुढं घागरीत येतं. वाळूचा वरचा थर दरवर्षी मृगाआधी काढून धुवायचा, नाहीतर गाळ बसून खड्डा बंद पडतो.

नमस्कार.